सूर्यास्त पडून राहिला, भुरीचं पान खपलं

स्टॉक लायब्ररीत, म्हणजे लोकांचे फोटो वेबसाइटवर ठेवून विकणाऱ्या कंपनीकडे, फोटो टाकायला लागले तेव्हा माझ्याकडे हार्ड डिस्क भरून सूर्यास्त होते. धुक्यातल्या टेकड्या, दवाचे थेंब, पाण्यातली प्रतिबिंबं, आणि फुलांवरची फुलपाखरं तर विचारूच नका. आज माझ्या खात्यात सगळ्यांत जास्त डाउनलोड झालेला फोटो आहे तो भोपळ्याच्या पानावर पडलेल्या भुरीचा, म्हणजे पांढऱ्या बुरशीच्या रोगाचा. त्याच्या मागोमाग रुईच्या शेंड्यावरचा पिवळा मावा, म्हणजे रस शोषणारे बारके किडे. सूर्यास्त बघायला यादीत बरंच खाली जावं लागतं. असं का होतं ते जसजसं उमगत गेलं तसतशी माझी फोटो काढायची रीतही बदलली, म्हणून हा सगळा प्रकार जरा सविस्तर लिहिते.

ज्यांना हा धंदाच नवा आहे त्यांच्यासाठी आधी थोडक्यात. फोटो विकला असं आपण म्हणतो, पण विकला जातो तो वापरायचा परवाना. कॉपीराइट आपलाच राहतो आणि एकच फोटो कितीही जणांना देता येतो. बहुतेक परवाने रॉयल्टी फ्री असतात. गिऱ्हाइकाने एकदा पैसे भरले की त्याने तो फोटो पुन्हा पुन्हा वापरला तरी वेगळा हिशेब नाही. ज्याला फोटो फक्त एकाच लायब्ररीला द्यायचे नाहीत, तो तेच फोटो एकाच वेळी चार ठिकाणी ठेवू शकतो. मी तसंच करते.

पूर्वी हे सगळं मोजक्या एजन्सींच्या हातात होतं. विंडोज एक्सपीच्या पडद्यावरची ती हिरवी टेकडी आठवत असेल. चार्ल्स ओरिअर यांनी १९९६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सोनोमा परगण्यात तो फोटो फिल्मवर काढला आणि वेस्टलाइट एजन्सीत ठेवला. १९९८ मध्ये कॉर्बिस या दुसऱ्या फोटो एजन्सीने वेस्टलाइट विकत घेतली आणि २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने त्या फोटोचे सगळे हक्कच घेऊन टाकले. नव्याने या कामाला लागणाऱ्यांना मी तो फोटो मुद्दाम नीट बघायला सांगते. काय आहे त्यात? एक उतार, आभाळ, चार ढग, आणि वर आयकॉन मांडायला भरपूर मोकळी जागा. तो स्पर्धेला पाठवला असता तर परीक्षकांनी 'विषय कुठे आहे' असं विचारलं असतं.

२००० मध्ये आयस्टॉकफोटो ही ऑनलाइन लायब्ररी आली. २००३ मध्ये जॉन ओरिंजर यांनी स्वतःच काढलेल्या तीसेक हजार फोटोंवर शटरस्टॉक सुरू केली आणि महिन्याची वर्गणी भरून फोटो घ्यायची पद्धत रुळली. डिजिटल कॅमेरे स्वस्त झाले होतेच. हौशी माणसाला दार उघडलं, आणि त्याच दारातून दर खाली आले. आपण या खेळात बरेच उशिरा उतरलोय हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं.

खातं उघडणं सोपं असतं. ओळखपत्र, कराचा फॉर्म, पैसे कुठे पाठवायचे त्याचा तपशील, झालं. खरी गंमत फाइल तपासणीपासून सुरू होते.

शटरस्टॉक आणि अडोबी स्टॉक या दोघांनाही किमान चार मेगापिक्सेलची जेपेग फाइल लागते, म्हणजे आकाराची अडचण आज कोणालाच येत नाही. अडचण येते ती शंभर टक्के झूममध्ये. मोबाइलवर ज्या फोटोला मित्रमंडळींनी दाद दिलेली असते तोच फोटो मोठ्या पडद्यावर शंभर टक्के करून डावीकडून उजवीकडे सरकवत नेला की त्याची सगळी पापं बाहेर येतात. आभाळाच्या निळ्यात राखाडी गोल डाग दिसतात. ती सेन्सरवरची धूळ, आणि एफ १६ ला, म्हणजे लेन्सचं छिद्र बारीक ठेवून, काढलेल्या लँडस्केपमध्ये ती हटकून दिसते. आभाळासमोरच्या बारक्या फांद्यांना जांभळी किनार असते. सावलीचा भाग उचलून उजळला असेल तर तिथे रंगीत रवा उठलेला असतो. फुलपाखराची सोंड शार्प आणि डोळा किंचित मऊ, हे तर नेहमीचंच. हे सगळं मी आता रॉ फाइल (कॅमेऱ्यातून आलेली मूळ, प्रक्रिया न केलेली फाइल) उघडल्या उघडल्या बघते आणि फोटो ठेवायचा की नाही ते तिथेच ठरवते. शार्पनिंगचा स्लायडर ओढून मऊ डोळा शार्प होत नाही.

तपासणीच्या निकालात मात्र तर्क शोधू नये. एका लायब्ररीने माझा गवतावरच्या चतुराचा फोटो 'फोकस नाही' म्हणून परत पाठवला, कारण मागची पार्श्वभूमी धूसर होती. ती तशीच ठेवायची म्हणून मी पोटावर झोपले होते! तोच फोटो, तीच फाइल, दुसरीकडे अर्ध्या दिवसात मंजूर झाली आणि विकलीही गेली. अलामी या लायब्ररीची पद्धत आणखी वेगळी आहे. तिथे पाठवलेल्या गठ्ठ्यातले काही फोटो तपासतात, आणि त्यातला एक जरी नापास झाला तरी अख्खा गठ्ठा परत येतो. त्यामुळे तिथे पाठवताना संशयाला जागा असलेली फाइल मी गठ्ठ्यात घालतच नाही.

निसर्गवाल्यांना सर्वांत जास्त वेळा मिळणारा शेरा म्हणजे 'यासारखेच फोटो'. आपण एका फुलपाखराचे सलग शंभर क्लिक घेतो आणि त्यातले दहा निवडून पाठवतो. आपल्या लेखी पंखांची उघडझाप वेगळी असते, तपासणाऱ्याच्या लेखी ते एकाच फोटोचे दहा तुकडे असतात. त्यावर माझा उपाय असा: एका विषयाचे तीनच फोटो, पण तीन वेगळ्या कामांचे. एक आडवा, ज्याच्या एका बाजूला मजकूर बसेल. एक उभा, मासिकाच्या पानासाठी किंवा मोबाइलसाठी. आणि एक अगदी जवळचा, ज्यात तपशील दिसतो. बाकीचे माझ्याकडेच राहतात.

आता मूळ मुद्दा. गिऱ्हाईक फोटो शोधतं ते शब्दांनी. त्याला आपला फोटो दिसतो तो त्याने टाइप केलेले शब्द आपल्या शीर्षकात आणि कीवर्डमध्ये, म्हणजे फोटोसोबत लिहिलेल्या शोधशब्दांत, असले तरच. हे वाचताना बाळबोध वाटतं, पण निसर्गाच्या फोटोत यातच सगळं आहे. 'सुंदर सूर्यास्त' शोधणाऱ्यासमोर लाखो फोटो येतात. त्यात माझा कितव्या पानावर असेल, देव जाणे. पण 'भोपळ्याच्या पानावरची भुरी' शोधणारा माणूस काय शोधतोय हे त्याला पक्कं ठाऊक असतं. तो शेतीच्या माहितीपत्रकाचा मजकूर लिहीत असतो, औषधाच्या वेष्टनाची मांडणी करत असतो, नाहीतर शाळेच्या पुस्तकासाठी चित्रं जमवत असतो. त्याच्यासमोर फोटो कमी येतात, त्यातल्या निम्म्यांवर भलतंच नाव असतं, आणि त्याला आज संध्याकाळपर्यंत एक हवाच असतो.

त्यामुळे माझा अर्धा वेळ कॅमेऱ्यावर नाही, ओळख पटवण्यात जातो. एक उदाहरण देते. प्लेन टायगर हे आफ्रिकेपासून आशियापर्यंत दिसणारं नारिंगी फुलपाखरू. त्याची अळी रुईवर वाढते. अंगावर काळे-पांढरे आडवे पट्टे, त्यात पिवळे ठिपके, आणि पाठीवर काळ्या तंतूंच्या तीन जोड्या. ही अळी पानावर आधी चर पाडते, चीक ओघळू देते आणि मग खायला बसते. मी तिचा फोटो घेते तेव्हा शीर्षक 'पानावरची रंगीत अळी' असं देत नाही. डॅनॉस क्रिसिपस हे शास्त्रीय नाव, प्लेन टायगर हे रूढ नाव, अळी ही अवस्था, रुई ही खाद्यवनस्पती, पान खाणं ही क्रिया, हे सगळं त्या एका ओळीत येतं. शोधणारा शास्त्रीय नावाने येवो, वनस्पतीच्या नावाने येवो, की 'फुलपाखराचं जीवनचक्र' असं टाइप करून येवो, वाट माझ्या फोटोपाशी यायला हवी.

प्रौढ फुलपाखराच्या बाबतीत जास्त सावध राहावं लागतं. डॅनेड एगफ्लाय नावाच्या दुसऱ्याच फुलपाखराची मादी हुबेहूब प्लेन टायगरसारखी दिसते. प्लेन टायगरची चव पक्ष्यांना नकोशी असते, म्हणून ही बया त्याचं सोंग घेऊन वावरते. मागच्या पंखावर नजर ठेवायची: प्लेन टायगरच्या पंखाच्या मध्यापाशी तीन-चार काळे ठिपके असतात, सोंग घेतलेल्या मादीला वरच्या कडेला एकच. नाव चुकीचं पडलं तर फोटो खपणार नाही असं नाही, खपेल. पण तो एखाद्या पुस्तकात चुकीच्या नावाने छापला जाईल आणि मुलं तेच पाठ करतील. ज्याची खात्री पटत नाही तो फोटो मी जातीऐवजी कुळापर्यंतच नाव देऊन टाकते. विक्री कमी होते, होऊ दे.

कीवर्डचे नियम जागोजागी वेगळे आहेत. शटरस्टॉक सात ते पन्नास कीवर्ड घेते. अडोबी स्टॉक एकोणपन्नासपर्यंत घेते, आणि तिथे क्रमाला महत्त्व असतं. पहिले दहा सर्वांत वजनदार. म्हणून 'निसर्ग', 'हिरवा', 'सुंदर' असले शब्द पुढे ठेवून जागा अडवायची नाही. पुढे नाव, अवस्था, वनस्पती, क्रिया. मग पार्श्वभूमी, कोन, रंग. सर्वांत शेवटी कल्पना. माव्यावर ताव मारणाऱ्या लेडीबर्ड या ठिपकेवाल्या भुंग्याच्या फोटोला 'जैविक कीडनियंत्रण', 'मित्र कीटक', 'सेंद्रिय शेती' हे शब्द लागतातच, कारण घेणाऱ्याच्या डोक्यात कीटक नसतो, त्याचा लेख असतो. पण फोटोत नसलेली गोष्ट कीवर्डात घुसडली की शोधात तो फोटो दिसतो, कोणी त्यावर टिचकी मारत नाही, आणि हळूहळू तो मागे पडतो. पन्नास शब्द भरायलाच हवेत असा काही कायदा नाही.

एक कामाची गोष्ट: शीर्षक, वर्णन आणि कीवर्ड लाइटरूम किंवा ब्रिज या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्येच आयपीटीसीच्या, म्हणजे फोटोची माहिती नोंदवायच्या ठरलेल्या, रकान्यांत लिहून टाकावेत. ते फाइलच्या आतच राहतात आणि प्रत्येक लायब्ररी ते आपोआप वाचते. नाहीतर तेच ते चार ठिकाणी टाइप करण्यात रविवार संपतो.

याच टप्प्यावर मी आणखी एक गोष्ट करते, ती म्हणजे फाइलमधली जीपीएसची नोंद पुसणं. दुर्मीळ ऑर्किड असो की घुबडाची ढोली, नेमक्या जागेचा पत्ता फाइलसोबत जगभर पाठवायचं कारण नाही. आणि घरट्यांचे फोटो मी विकायलाच काढत नाही. त्यांना मागणी आहे हे ठाऊक आहे. मागणी आहे म्हणूनच लोक पिल्लांवरची फांदी बाजूला करतात, आणि ती बाजूला झाली की ऊन आणि कावळे दोघांनाही घरटं सापडतं.

प्राणिसंग्रहालयातले फोटो हा वेगळाच गुंता. अनेक संग्रहालयं व्यावसायिक वापराला परवानगी देत नाहीत, आणि दिली तरी प्राणी बंदिस्त आहे हे वर्णनात लिहिणं मला आवश्यक वाटतं. पिंजऱ्यातल्या वाघाच्या मागे हिरवळ धूसर करून त्याला जंगलाचा राजा म्हणून विकणारे कमी नाहीत. मोकळ्या निसर्गावर कोणाचा हक्क, असं वाटत असेल तर तेही तितकंसं खरं नाही. कॅलिफोर्नियात पेबल बीचजवळ कड्यावर उभं असलेलं 'लोन सायप्रस' हे एकटं झाड एका कंपनीचं बोधचिन्ह आहे आणि त्याचे व्यावसायिक फोटो लायब्ररीच्या निर्बंधांच्या यादीत आहेत. ऑस्ट्रेलियातल्या उलुरू या महाकाय खडकाचे व्यावसायिक फोटो घ्यायला परवाना लागतो, आणि त्याचे काही भाग तिथल्या मूळ रहिवाशांसाठी पवित्र असल्याने फोटोत दाखवूच नयेत असा दंडक आहे. फोटोत ओळखू येणारा माणूस असेल तर त्याची लेखी संमती हवी, नाहीतर फोटो फक्त संपादकीय वापराला, म्हणजे बातमी-लेखांपुरता जातो. पाठमोरा ट्रेकर मला म्हणूनच आवडतो.

आता सगळे विचारतात ते पैशांचं. अडोबी स्टॉक फोटोंवर ३३ टक्के देते. शटरस्टॉकने जून २०२० पासून पायऱ्यांची पद्धत आणली: वर्षात जितके डाउनलोड जास्त तितका वाटा वर, १५ पासून ४० टक्क्यांपर्यंत, आणि १ जानेवारीला सगळे पुन्हा तळाच्या पायरीवर. तिथे एका डाउनलोडला कमीत कमी दहा सेंट मिळतात. दहा सेंट! पहाटे उठून, जळवा झटकत काढलेल्या फोटोचे. त्या बदलाच्या वेळी जगभरच्या छायाचित्रकारांनी बराच आरडाओरडा केला आणि कित्येकांनी आपले फोटो काढून घेतले. मी ठेवले. जे आधीच अपलोड झालंय ते काढून माझ्या हाती काही लागणार नव्हतं, पण नवं काम कुठे आधी द्यायचं याचा क्रम मात्र बदलला. अलामीवर विक्री तुरळक होते, पण एखादा प्रकाशक पुस्तकासाठी घेतो तेव्हा एकाच परवान्यात वर्गणीवाल्या कित्येक डाउनलोडची भरपाई होते. म्हणून ओळख पक्की असलेले, कमी दिसणाऱ्या जातींचे फोटो मी तिथे आधी पाठवते आणि पोत, पानं, आभाळ, माती असला माल वर्गणीच्या लायब्ररींना.

कराच्या फॉर्मबद्दल एकच सूचना. अमेरिकेबाहेरच्या माणसाला डब्ल्यू-८ बेन भरावा लागतो. तो न भरल्यास अमेरिकी गिऱ्हाइकांकडून आलेल्या रकमेतून ३० टक्के कापले जातात. भरला आणि आपल्या देशाचा अमेरिकेशी करार असेल तर कमी. सही केलेल्या वर्षानंतरचं तिसरं कॅलेंडर वर्ष संपलं की तो बाद होतो, तेव्हा पुन्हा भरायचा. आणि पैसे शिलकीची ठरावीक पातळी गाठल्यावरच निघतात, अडोबीकडे ती २५ डॉलर आहे. पहिले २५ डॉलर जमायला धीर लागतो, एवढंच सांगते.

यातून कॅमेऱ्याचा खर्च निघतो का? माझा लेन्सचा निघाला, प्रवासाचा नाही. केवळ यासाठी प्रवास करावा असं मला कधीच वाटलं नाही, कारण जे खपतं ते बहुतेक पायाशी असतं. कुंडीतल्या पानाची पाठ, वाळवीने पोखरलेला ओंडका, भेगाळलेला चिखल, पांढऱ्या कागदावर ठेवून काढलेलं जाळीदार पान. ढगाळ दिवशी, जेव्हा लँडस्केपवाले घरी बसतात, तेव्हा मऊ उजेडात माझं सगळ्यांत चांगलं काम होतं. ऋतूंचे फोटो मात्र त्या ऋतूच्या दोन-तीन महिने आधी मंजूर होऊन पडलेले हवेत. पहिल्या पावसाचा फोटो पहिल्या पावसात पाठवला तर तो पुढच्या वर्षीच्या कामाचा.

मशीनने (एआयने) बनवलेल्या चित्रांनी हे गणित पुन्हा हलवलं आहे. गेटी इमेजेस या लायब्ररीने सप्टेंबर २०२२ मध्ये असली चित्रं घेणं बंद केलं. अडोबी स्टॉकने त्याच वर्षीच्या डिसेंबरपासून तसं लेबल लावून ती घ्यायला सुरुवात केली, आणि गिऱ्हाइकाला ती शोधातून वगळायचीही सोय आहे. असली चित्रं बनवणारं अडोबीचं फायरफ्लाय तर लायब्ररीतल्या फोटोंवरच शिकलं, त्यासाठी फोटो देणाऱ्यांना बोनस वाटण्यात आला. सूर्यास्त, धुकं, थेंब यांचा बाजार यात बसणार हे उघड दिसतं. ज्याला नुसती 'प्रसन्न सकाळ' हवी आहे त्याला ती खरी असायची गरज नाही. पण बनवलेल्या चित्रातल्या लेडीबर्डचे पाय मोजले तर कधी सात भरतात, आणि पाठीवरच्या ठिपक्यांवरून जात ओळखायला गेलं तर असली जातच अस्तित्वात नसते. शेतीच्या पुस्तकाला तसलं चित्र चालत नाही.

म्हणून सध्या प्रत्येक कीटकाचे, तो पळून गेला नाही तर, मी तीन बाजूंनी फोटो घेते: वरून, बाजूने आणि पानाच्या मागून पोटाकडचा. पोटाकडचा दिसायला सर्वांत ओबडधोबड असतो. ओळखपुस्तिका करणारे मात्र तोच आधी मागतात.